फ्लीट स्ट्रीटवर, मॉडेस्टीच्या लेखकाच्या शोधात

लंडनमधल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या रस्त्यावर, फ्लीट स्ट्रीटवर, आता वर्तमानपत्रं नाहीत. १९८० च्या दशकात छापखाने आणि कचेऱ्या एकेक करून इथून हलल्या, आणि शेवटचे दोन पत्रकार २०१६ मध्ये गेले. आज तिथे वकील, बँकवाले आणि कॉफीची दुकानं आहेत. तरी लंडनला गेल्यावर मला पहिल्यांदा तिथेच जायचं होतं, कारण पीटर ओ'डोनेल तिथे बसून लिहायचे.

ओ'डोनेल म्हणजे 'मॉडेस्टी ब्लेझ'चे लेखक. लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये १३ मे १९६३ ला या नावाच्या धाडसी नायिकेची ही कॉमिक स्ट्रिप सुरू झाली आणि ११ एप्रिल २००१ ला, त्यांच्या ८१ व्या वाढदिवशी, संपली. मधल्या काळात चित्रकार बदलत गेले, लेखक मात्र अखेरपर्यंत एकच होता. मला मॉडेस्टी आधी भेटली ती कादंबऱ्यांतून. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पेपरबॅक्सचे ढीग लागायचे, त्यात या कादंबऱ्या हमखास असत. तिचं मूळ घर वर्तमानपत्राच्या पानावरची तीन चौकटींची पट्टी आहे हे फार उशिरा कळलं.

टेम्पल स्टेशनातून वर चढून आलं की रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसची करड्या दगडाची प्रचंड इमारत दिसते. तिथून पूर्वेकडे चालू लागायचं. चार-पाच मिनिटांत उजव्या फुटपाथवर, ४७ नंबरला, एल व्हिनो नावाचा जुना वाइन बार लागतो. ओ'डोनेल यांचं ऑफिस याच्या वर होतं. खाली बातमीदार आणि बॅरिस्टर यांचा गलका, आणि वर एक माणूस रोजच्या पट्टीचे संवाद टाइप करतोय, असं ते चित्र.

या बारची एक रीत होती. बाईने काउंटरशी उभं राहून काही मागवायचं नाही. तिने मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिला तिथे आणून देतील. टेस गिल ही वकील आणि ॲना कूट ही पत्रकार या दोघी याविरुद्ध कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, आणि १९८२ मध्ये अपील कोर्टात जिंकल्या. म्हणजे मॉडेस्टी वर कागदावर टोळ्या मोडत होती, स्वतःच्या अटींवर जगत होती, त्यातली जवळजवळ वीस वर्षं खाली बायकांना काउंटरशी उभं राहायची मुभा नव्हती. हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनात होतं की तिथे जाऊन काउंटरशीच उभं राहायचं. राहिले. लाकडी काउंटरवर कोपर टेकवून एक ग्लास मागवला, तो मिळाला, आणि शेजारच्या काळ्या कोटातल्या बाईंनी सहज सरकून जागा करून दिली. हे आज इतकं साधं आहे, याचं मला फार बरं वाटलं.

मॉडेस्टी आली कुठून, हे ओ'डोनेल यांनीच सांगून ठेवलंय. १९४२ साली ते सैन्यात, रॉयल कोअर ऑफ सिग्नल्समध्ये होते, आणि त्यांची बिनतारी संदेशाची लहानशी तुकडी उत्तर इराणमध्ये डोंगरांच्या पायथ्याशी एका ओढ्याजवळ तळ देऊन होती. युद्धामुळे देशोधडीला लागलेली माणसं तिथून जात. एक दिवस बारा-एक वर्षांची मुलगी एकटीच आली. गळ्यात दोरीने अडकवलेला लाकडाचा तुकडा, त्याला खिळा बांधलेला. ते तिचं हत्यार. शिपायांनी तिला चहा दिला, खायला दिलं. खाऊन झाल्यावर तिने भांडी ओढ्यावर नेऊन स्वच्छ धुऊन आणून दिली. वाटेसाठी डबाबंद अन्न दिलं, आणि जाताना ती हसली. ते हसू ओ'डोनेल जन्मभर विसरले नाहीत. ती दक्षिणेकडे चालत गेली, ताठ, एखाद्या राजकन्येसारखी. तिचं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

वीस वर्षांनी नवी नायिका घडवायची वेळ आली तेव्हा ही मुलगी परत आली. मॉडेस्टीला आईवडील आठवत नाहीत, देश नाही. ग्रीसमधल्या निर्वासितांच्या छावणीतून ती निसटते. वाटेत लॉब नावाचे बुडापेस्टचे म्हातारे प्राध्यापक भेटतात. ती त्यांना जगवते, आणि ते तिला भाषा, इतिहास, लिहिणं-वाचणं शिकवतात. त्यांनी सांगितलेल्या आर्थर राजाच्या गोष्टींतल्या मर्लिनच्या गुरूचं नाव, ब्लेझ, ती आडनाव म्हणून घेते. पुढे मोरोक्कोतल्या टँजिअरमध्ये ती 'नेटवर्क' नावाची गुन्हेगारी संघटना चालवते, भरपूर पैसा करून विशीतच निवृत्त होते, आणि सर जेराल्ड टॅरंट या ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या अधिकाऱ्यासाठी अधूनमधून कामगिऱ्या करते. बरोबर असतो विली गार्विन. त्याला तिने सायगावच्या तुरुंगातून सोडवून आणलेलं. तो तिला 'प्रिन्सेस' म्हणतो. अडतीस वर्षं चाललेल्या गोष्टीत या दोघांचं प्रेमप्रकरण ओ'डोनेल यांनी होऊ दिलं नाही. जिवाला जीव देणारी मैत्री, एवढंच. बाई आणि पुरुष यांच्यात इतका विश्वास मी फार थोड्या गोष्टींत वाचलाय, आणि माझ्या मते हीच त्यांची सगळ्यात मोठी कमाई.

एल व्हिनोतून निघून आणखी पुढे गेलं की डाव्या बाजूला काळ्या काचेची, गोलसर कोपऱ्यांची, १९३२ सालची चकचकीत इमारत येते. हे 'डेली एक्सप्रेस'चं जुनं ऑफिस. या पत्राने ओ'डोनेल यांच्याकडे नवी स्ट्रिप मागितली, आणि हातात आली तेव्हा नको म्हटलं. मग ती घेतली 'इव्हिनिंग स्टँडर्ड'ने. मालक एकच, लॉर्ड बीव्हरब्रुक. काळ्या इमारतीच्या कडेने शू लेन नावाची गल्ली आत जाते, 'स्टँडर्ड'चं ऑफिस त्या गल्लीत. मी त्या गल्लीत शिरून चालून आले. आता तिथे काचेच्या बँका आहेत, बघायला काही नाही. पण नाकारलेली स्ट्रिप मुख्य रस्त्यावरून वळून बाजूच्या गल्लीत गेली आणि अडतीस वर्षं टिकली, हे अंतर पायांनी मोजावंसं वाटलं.

मॉडेस्टी सुरू झाली तेव्हा ओ'डोनेल नवखे नव्हते. वडील बर्नार्ड गुन्हेगारीच्या बातम्या देणारे पत्रकार. मुलाने सोळाव्या वर्षापासून गोष्टी विकायला सुरुवात केली. १९५३ पासून 'डेली मिरर'मधला 'गार्थ', पाठोपाठ 'डेली स्केच'मधला 'टग ट्रॅन्सम', मग 'रोमिओ ब्राउन', अशा तीन-तीन स्ट्रिप्स ते एकाच वेळी लिहीत. 'रोमिओ ब्राउन'चे चित्रकार जिम हॉल्डवे. नव्या स्ट्रिपसाठी आधी दुसऱ्या एका नामवंत चित्रकाराने चित्रं काढली होती, ती ओ'डोनेल यांना पटली नाहीत. त्यांनी हॉल्डवेंचं नाव धरून ठेवलं.

रोजच्या पट्टीचं काम वाटतं त्याहून अवघड असतं. जागा तीन चौकटींची. काल ज्याने पेपर घेतला नाही त्यालाही गोष्ट कळली पाहिजे, ज्याने घेतला त्याला तेच तेच ऐकावं लागता कामा नये, कथा एक पाऊल पुढे सरकली पाहिजे, आणि शेवटच्या चौकटीने उद्याचा पेपर घ्यायला लावलं पाहिजे. ओ'डोनेल प्रत्येक चौकटीत कोण कुठे उभं आहे, काय दिसतंय, हे चित्रकाराला सविस्तर लिहून देत. संवादाच्या फुग्यातला शब्द जास्त झाला की चित्र गुदमरतं. एक कथा अशी चार-पाच महिने चालायची. १९७० साली एक कथा अर्ध्यावर असताना हॉल्डवे अचानक वारले, आणि स्पेनचे एन्रिक रोमेरो यांनी ती पुढे नेली. सलग वाचताना हात बदलला हे डोळ्यांना लगेच कळतं, पण मॉडेस्टीचं बोलणं तेच राहतं. लेखकाचं काम काय असतं, हे मला त्या पानांवर सगळ्यात स्पष्ट दिसलं.

बाकीच्या खटपटी थोडक्यात. १९६६ च्या सिनेमासाठी त्यांनी पटकथा लिहिली, ती इतकी बदलली गेली की त्यांचं जवळजवळ काही उरलं नाही. पण त्याच कथेवरची कादंबरी १९६५ मध्ये आधीच आली होती आणि ती चालली. शिवाय 'मॅडेलीन ब्रेंट' या बाईच्या नावाने ते प्रणयकादंबऱ्या लिहीत. १९७८ मध्ये त्यातल्या एकीला ब्रिटनच्या रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशनचा पुरस्कार मिळाला, तरी ही बाई कोण हे गुपित पुढे बरीच वर्षं राखलं गेलं.

दुपारी ब्लॅकफ्रायर्सहून थेट गाडी पकडून दक्षिण लंडनमधल्या कॅटफर्डला गेले. ओ'डोनेल यांचा जन्म ११ एप्रिल १९२० चा, लुइशमचा. शाळा कॅटफर्डची. शॉपिंग सेंटरच्या कमानीवर एक अवाढव्य काळी मांजर आहे, ती बघितली आणि बसने लुइशमला आले. तिथे बाजारापासून जवळच क्लॅरेंडन राइजवर शिवाचं तमिळ देऊळ आहे. आत गेले, दर्शन घेतलं. मॉडेस्टी भारतात सगळ्यात जिव्हाळ्याने वाचली ती तमिळमध्ये. शिवकाशीच्या 'लायन कॉमिक्स'चा १९८४ मधला पहिला अंकच तिचा होता, आणि तिकडे तिचे वाचक आजही आहेत. मराठीत ती आली असती तर मजा आली असती. आपल्याकडे रहस्यकथांतल्या धनंजय, छोटू आणि झुंजार यांच्यावर जीव टाकणारी पिढी होती, तिने मॉडेस्टीला नक्की घरात घेतलं असतं.

ओ'डोनेल ३ मे २०१० रोजी गेले. मॉडेस्टी आणि विलीचा शेवट त्यांनी स्वतःच, १९९६ च्या शेवटच्या कथासंग्रहात लिहून टाकला होता. वर्तमानपत्रातली पट्टी त्यानंतरही पाच वर्षं चालू राहिली.

तुम्हाला वाचायचं असेल तर लंडनच्या टायटन बुक्सने सगळी स्ट्रिप तीस खंडांत काढली आहे. सुरुवात पहिल्याच खंडापासून करा. त्यात हॉल्डवेंची काळी-पांढरी चित्रं आहेत. 'इन द बिगिनिंग' ही तिच्या बालपणाची छोटी कथा आधी वाचा. अवघ्या बारा पट्ट्यांत छावणीपासून टँजिअरपर्यंतचा सगळा प्रवास बसवलाय. मग 'ला मशीन'कडे वळा, १९६३ च्या मे महिन्यात लंडनकरांनी संध्याकाळच्या पेपरात वाचली ती पहिली कथा.