केळीच्या पानातलं ऊन आणि २००७ चा क्रायसिस

रावेर-यावलच्या पट्ट्यात भर दुपारी केळीच्या बागेत उभं राहून वर बघा. पान नुसतं हिरवं दिसत नाही. ऊन पलीकडून पडत असतं, त्यामुळे आपल्याकडची बाजू पोपटी-पिवळी उजळते. मधला दांडा काळपट राहतो, आणि दोन पानं एकमेकांवर आली की तिथे गडद पट्टा उमटतो. आता नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला क्रायसिस हा पीसी गेम लावा, जंगलात शिरा आणि सूर्याकडे तोंड करा. तिथली पानंही अशीच उजळलेली दिसतात. आज कुणाला दाखवलं तर गेम इतका जुना असेल यावर चटकन विश्वास बसत नाही. असे जुने गेम आजही देखणे का दिसतात आणि आजच्या पीसीवर नीट कसे चालवायचे, त्याबद्दल हे थोडं.

क्रायसिस बनवणाऱ्या क्रायटेक कंपनीच्या क्रायइंजिन २ या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, पानावर समोरून पडणारा प्रकाश आणि मागून आरपार येणारा प्रकाश यांचा हिशोब वेगवेगळा होतो. वाऱ्याचं कामही तितकंच हुशारीचं आहे. झाडाच्या मॉडेलमधल्या प्रत्येक बिंदूला रंगाचे चार आकडे दिलेले असतात, पण त्यांचा उपयोग रंगवण्यासाठी नाही. लाल आकडा पानाची कड किती ताठ ते सांगतो, निळा अख्खं पान किती ताठ ते सांगतो. हिरव्यामुळे प्रत्येक पानाचं हलणं थोडं मागेपुढे होतं, म्हणून सगळी पानं कवायत केल्यासारखी एकदम डोलत नाहीत. चौथ्या आकड्यात त्या जागी आधीच मोजून ठेवलेली सावली असते. इतक्या स्वस्त गणितात जंगल जिवंत होतं.

याच गेममध्ये एसएसएओ हे सावली भरायचं तंत्र पहिल्यांदा आलं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर ग्राफिक्स कार्डाकडे असतंच. आजूबाजूच्या ठिपक्यांची अंतरं ताडून कुठे खाच आहे, कुठे कोपरा आहे ते ओळखायचं आणि तिथे हलका अंधार भरायचा. दगड जमिनीवर टेकलेला वाटतो तो या अंधारामुळे. हा नसेल तर सगळ्या वस्तू चिकटवहीत डकवल्यासारख्या दिसतात.

क्रायसिस आजही अडखळतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे. इंजिन लिहिलं तेव्हा प्रोसेसरमधल्या एका कोअरचा (गणित करणाऱ्या एका भागाचा) वेग वाढतच जाईल असं धरलं होतं. प्रत्यक्षात कोअर वाढले. आठ कोअर असले तरी गेमचं मुख्य ओझं एक-दोन कोअरवरच पडतं. म्हणून महागडं कार्ड घालूनही स्फोटांच्या जागी फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडतात. गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये शेडर आणि पोस्ट-प्रोसेसिंग सगळ्यात वर ठेवा, कारण देखणेपणा तिथे आहे आणि ते काम कार्ड करतं. ऑब्जेक्ट्स एक पायरी खाली आणा, फिजिक्स मीडियमवर ठेवा. हे दोन प्रोसेसर खातात. गेमची ६४ बिट एक्झी (गेम सुरू करायची फाइल) एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर सुरू होताच बंद पडत असेल, तर बिन३२ फोल्डरमधली वापरा. आणि पानांच्या कडा करवतीसारख्या दिसतात म्हणून नुसतं एमएसएए वाढवून फारसं हाती लागत नाही. एमएसएए ही सेटिंग पॉलिगॉनच्या, म्हणजे मॉडेल ज्या सपाट तुकड्यांचं बनतं त्यांच्या, कडा गुळगुळीत करते, पण पानाची कड ही चौकोनी तुकड्यावरच्या चित्रात कापलेली असते. तिथे मोठ्या रिझोल्यूशनला चित्र काढून लहान करणं हाच उपाय. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डीएसआर ४ पट करा आणि स्मूथनेस ० ठेवा. एएमडीवर हेच काम व्हीएसआर करतं. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर गेम ३८४०×२१६० ला चालेल, प्रत्येक चार ठिपक्यांचा एक होईल आणि पानं शांत दिसतील.

मात्र सगळ्यात कमी म्हातारा झालेला गेम निवडायचा तर मत मिरर्स एजला. कन्सोलवर नोव्हेंबर २००८, पीसीवर जानेवारी २००९. पॉलिगॉन मोजले तर आजच्या मोबाइल गेमपुढेही तो साधा ठरेल. पण स्वीडनच्या डाइसने त्यातला प्रकाश बीस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने आधीच काढून लाइटमॅपमध्ये, म्हणजे भिंती-फरशांवर चढवायच्या चित्रांत, पक्का करून ठेवला. ऊन लाल भिंतीवर पडतं, तिथून उडून पांढऱ्या फरशीवर गुलाबी झाक टाकतं, आणि ती झाक भिंतीपासून लांब जाईल तशी विरत जाते. गच्चीवर लाल ओढणी वाळत घातली की बाजूची चुन्याची भिंत लालसर होते, तसंच. खेळताना कार्डाला हे मोजावं लागत नाही, फक्त तयार चित्र भिंतीवर चढवावं लागतं. किंमत एवढीच की सूर्य जागचा हलत नाही. दिवस-रात्र बदलणाऱ्या गेमला हा मार्ग बंद, आणि त्यामुळेच त्या काळातले बरेच मोठे ओपन वर्ल्ड गेम आज फिके वाटतात.

पीसीवर मिरर्स एजची एक जुनी खोड आहे. काच फुटली किंवा कापडी पडदा हलला की गेम गोगलगाय होतो. एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर व्हिडिओ सेटिंगमधून फिजएक्स (वस्तूंचं तुटणं-हलणं मोजणारं एनव्हिडियाचं तंत्र) बंद करा, नाहीतर तुकड्यांचं सगळं गणित प्रोसेसरवर येतं. एनव्हिडियावरही असं होत असेल तर दोष बहुधा गेमसोबत आलेल्या जुन्या फाइलींचा असतो. बायनरीज फोल्डरमधल्या फिजएक्सकोअर आणि फिजएक्सडिव्हाइस या दोन डीएलएल फाइलींची नावं बदला. गेम मग विंडोजमध्ये बसवलेलं फिजएक्स वापरतो. डिलीट करू नका, नाव बदललेलं परत फिरवता येतं.

खानदेशातल्या सायबर कॅफेंत जो घासून घासून खेळला गेला तो २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड. त्याचा पिवळसर, धुळकट, चकाकता उजेड एप्रिलमधल्या धुळे-चाळीसगाव रस्त्याची आठवण करून देतो. आज तो लावला की मात्र गाड्या बसक्या दिसतात. कारण साधं आहे: मेनूत फक्त जुन्या ४:३ आकाराची रिझोल्यूशन आहेत. ८००×६०० चं चित्र १३६६×७६८ च्या पडद्यावर ताणलं की रुंदी १.७ पट आणि उंची १.२८ पट होते, म्हणजे प्रत्येक गाडी आहे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने रुंद. चाहत्यांनी बनवलेला वाइडस्क्रीन फिक्स घ्या. त्यातली डीइनपुट८ ही डीएलएल आणि स्क्रिप्ट्स फोल्डर, दोन्ही गेमच्या एक्झीशेजारी ठेवा. गेमची आवृत्ती १.३ हवी, जुन्या आवृत्तीवर तो चालत नाही, आणि ‘काही फरकच पडला नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा यामुळेच असते. फिक्सच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये सावल्यांचं रिझोल्यूशन वाढवता येतं. गेममध्ये व्हिज्युअल ट्रीटमेंट हाय आणि ओव्हरब्राइट चालू ठेवा. ते बंद केलं तर या गेमचा जीवच जातो.

हाफ-लाइफ २ (२००४) बद्दल फार सांगायची गरज नाही. तिथेही प्रकाश आधीच शिजवलेला आहे, आणि माणसांचे चेहरे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनच्या हावभाव-वर्गीकरणावर बेतलेले असल्यामुळे डोळे आणि भुवया आजही बोलतात. तो नव्या विंडोजवर कुरकूर न करता चालतो. फिअर (२००५) मात्र कुरकूर करतो. कार्ड कितीही दमदार असो, फ्रेम घसरत जातात, कारण गेम कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या (एचआयडी) नोंदींमध्ये अडकतो. त्यावरही डीइनपुट८ याच नावाच्या, पण वेगळ्या डीएलएलचा पॅच आहे. या गेममध्ये सॉफ्ट शॅडोज (मऊ सावल्या) आणि अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) एकत्र चालत नाहीत, अँटी-अलायझिंग निवडा.

फिक्स नसलेल्या जुन्या गेमसाठी ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये स्केलिंग ‘ॲस्पेक्ट रेशो’वर करा आणि ते काम मॉनिटरऐवजी जीपीयूकडे द्या. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. जुन्या फुगीर काचेच्या मॉनिटरला ठिपक्यांची ठरलेली जाळी नव्हती, म्हणून ६४०×४८० असो की १०२४×७६८, चित्र मऊ आणि भरीव दिसायचं. एलसीडीला जाळी ठरलेली असते; तिच्याशी न जुळणारं रिझोल्यूशन दिलं की चित्र पुसट होतं. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ पट करा. आजच्या कार्डाला त्याचा भार जाणवतही नाही, आणि लांबचा रस्ता चिखलासारखा दिसायचा थांबतो.

डी३डीएक्स९_४३ ही फाइल सापडत नाही असा एरर आला तर ती एक डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उचलू नका. मायक्रोसॉफ्टचा डायरेक्टएक्सचा जून २०१० चा रनटाइम बसवा. जुनी सीडी विंडोज १० वर चालतच नसेल तर सीडी खराब आहे असं लगेच धरू नका. सेफडिस्क या सीडीची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाला लागणारा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला आहे, तेव्हा त्या गेमची डिजिटल आवृत्ती घेणं बरं.

वेगळं कार्ड नसेल तर रॅमकडे बघा. डीडीआर४ २६६६ ची एक काडी सेकंदाला सुमारे २१ जीबी देते, दोन काड्या ४२. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून ८ ची एक असण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटात असेंबल पीसी घेताना हे आधीच सांगून ठेवावं.

आणि उन्हाळा. २५ अंशाच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, खोली ४३ वर असताना, ८८ कडे जातं. त्याआधीच ते स्वतःचा वेग कमी करायला लागतं. जुने गेम मेनूतसुद्धा सेकंदाला शेकडो फ्रेम काढत कार्ड तापवतात, म्हणून ड्रायव्हरमधून ६० ची मर्यादा घाला. नुसत्या एवढ्याने कार्ड बरंच निवतं. जिनिंगच्या आसपास घर असेल तर हीटसिंकच्या पात्यांत कापसाचे तंतू अडकून नमदा बसतो. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून, नाहीतर तो उलटसुलट भन्नाट फिरून बेअरिंग जातं. चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच, जास्त नको. आणि कॅबिनेट खोलीच्या एअर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण तिच्यासोबत ओल आणि बोअरच्या पाण्याचा क्षारही येतो, आणि दोन उन्हाळ्यांत स्लॉटच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी साय धरते. कूलर खिडकीत, कॅबिनेट समोरच्या भिंतीला आणि मधे निदान सहा-सात फूट.