व्हिएतनामच्या ई-व्हिसाचा अर्ज स्वतः भरताना : माझा अनुभव

व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपला ई-व्हिसा सर्व देशांच्या नागरिकांसाठी खुला केला आणि पूर्वीची ३० दिवसांची मुदत वाढवून ती ९० दिवसांपर्यंत नेली. भारतीय पर्यटकाला त्यासाठी वकिलातीची पायरी चढावी लागत नाही. घरी बसून अर्ज भरता येतो आणि मंजुरीही इंटरनेटवरूनच हाती येते. तरीही बरेच जण हे काम प्रवासी कंपनीकडे सोपवतात. त्यात गैर काही नाही, पण पत्नी, मी आणि आमची मुलगी अशा तिघांचे अर्ज मी स्वतः भरायचे ठरवले, कारण पासपोर्ट ज्याच्या हातात आहेत तोच त्यातील अक्षरे सर्वांत नीट तपासू शकतो असे माझे मत होते. कार्यालयात खिडकीपलीकडचा कारकून निदान चुकलेला रकाना दाखवून कागद परत तरी देतो. ई-व्हिसात ती तपासणी अर्जदारानेच करायची असते, आणि या कामातील खरे कष्ट तेवढेच आहेत.

पहिली परीक्षा अर्जाची नव्हे, तर संकेतस्थळाची असते. शोधयंत्रात व्हिएतनाम आणि व्हिसा हे दोन शब्द टाकले की सर्वांत वर जी संकेतस्थळे दिसतात, त्यांतील कित्येक जाहिरात देऊन वर आलेली मध्यस्थांची असतात, आणि त्यांची मांडणी पाहिली तर ती सरकारी नाहीत अशी शंकाही येत नाही. खरे संकेतस्थळ व्हिएतनामच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाखालील इमिग्रेशन विभागाचे आहे आणि त्याच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा होतो. दुसरी खूण शुल्काची. एका प्रवेशाच्या व्हिसाला २५ अमेरिकी डॉलर आणि अनेक प्रवेशांच्या व्हिसाला ५० डॉलर हे सरकारी शुल्क आहे. समोर याहून बरीच मोठी रक्कम दिसत असेल, तर आपण मध्यस्थाच्या दारात उभे आहोत असे खुशाल समजावे. सगळेच मध्यस्थ लबाड असतात असे नाही, काही जण केवळ आपल्या श्रमाचे पैसे घेतात. मात्र आपल्या पासपोर्टची स्वच्छ प्रत आणि जन्मतारीख आपण कोणाच्या हवाली करत आहोत, हा प्रश्न पैशांहून मोठा आहे. अर्ज नामंजूर झाला तरी सरकारी शुल्क परत मिळत नाही, ही सूचना तेथे स्पष्ट दिलेली असते.

अर्ज उघडण्यापूर्वी प्रवासाचा आराखडा पक्का असावा लागतो, कारण व्हिसाचा प्रकार आणि तारखा त्यावरच ठरतात. आमचा बेत दा नांगला उतरून होई आन आणि हनोई पाहायचे, तेथून कंबोडियातील सिएम रीपला जायचे आणि हो ची मिन्ह सिटीमार्गे परतायचे असा होता. म्हणजे व्हिएतनाममध्ये आम्ही दोनदा प्रवेश करणार होतो. एका प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल टाकताच संपतो, त्याची मुदत कागदावर कितीही शिल्लक असो; त्यामुळे सिएम रीपजवळचे अंकोर वाट मंदिर पाहून परत येणाऱ्याने अनेक प्रवेशांचाच व्हिसा घ्यायला हवा. कंबोडियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे अर्थातच आले. तारखांच्या बाबतीतही थोडा विचार करावा. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी प्रवेश मिळत नाही आणि शेवटच्या तारखेनंतर थांबता येत नाही. परतीचे विमान रात्री साडेबाराचे असेल, तर तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची असते, हे घाईत ध्यानात येत नाही. मी दोन्ही बाजूंना काही दिवसांची मोकळीक ठेवली. शुल्क तेच राहत असताना तारखांची काटकसर करण्यात काहीच अर्थ नव्हता.

आता नावाचा रकाना. आपल्याकडील पासपोर्टवर आडनाव वेगळे असते आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. व्हिएतनामच्या अर्जातही आडनावाला एक आणि मधले नाव व पहिले नाव यांना मिळून एक असे दोनच रकाने असल्याने आपली रचना तेथे बिनबोभाट बसते. फक्त वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लिहून भागवू नये. लग्नानंतर नाव बदलले, पण पासपोर्ट जुन्याच नावाचा आहे, अशी परिस्थिती अनेक घरांत असते; तेथे व्हिसा आणि विमानाचे तिकीट दोन्ही पासपोर्टवरील नावानेच असायला हवे.

शंका आली की मी पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावरील तळाच्या दोन ओळींकडे पाहत असे. विमानतळावरील यंत्र वाचते ते याच ओळींना. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात. पहिल्या ओळीत देशाच्या संकेतानंतर आडनाव, मग दोन कोनचिन्हे (<<) आणि त्यानंतर उरलेले नाव येते; दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख असते. क्रमांकासाठी नऊ जागा राखलेल्या आहेत. आपला क्रमांक आठच अक्षरांचा असल्यामुळे नववी जागा कोनचिन्हाने भरलेली असते आणि त्यापुढे दिसणारा अंक निव्वळ पडताळणीचा असतो. तो क्रमांकाचा भाग समजून अर्जात उतरवला, तर व्हिसा अस्तित्वात नसलेल्या पासपोर्टवर निघेल. जन्मतारीख तेथे वर्ष, महिना, दिवस अशा उलट क्रमाने असते. अर्जात मात्र आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहायचा असतो.

अर्जासोबत दोनच चित्रे जोडायची असतात, एक स्वतःचे छायाचित्र आणि दुसरे पासपोर्टच्या माहितीच्या पानाचे. छायाचित्र समोरून, चष्म्याशिवाय हवे. पानाच्या चित्रात तळाच्या त्या दोन ओळी पूर्ण दिसल्या पाहिजेत. मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवला की चकचकीत आवरणावर नेमका अक्षरांवरच उजेड पडतो, म्हणून पासपोर्ट खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवून दिवसाच्या प्रकाशात छायाचित्र घेणे, किंवा सरळ स्कॅन करणे बरे.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो मुक्कामाच्या पत्त्याला. होई आन हे गाव वर्षानुवर्षे क्वांग नाम प्रांतात होते आणि हॉटेलच्या आरक्षणावरही तसेच छापलेले होते. परंतु १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांतांची संख्या ६३ वरून ३४ वर आणली, जिल्हा हा मधला स्तर रद्द केला आणि क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन केला. त्यामुळे अर्जातील यादीत क्वांग नाम शोधून काही हाती लागेना. दा नांग निवडून त्याखाली होई आनचा वॉर्ड निवडल्यावर रकाना पूर्ण झाला. वॉर्डांचीही फेररचना झालेली असल्याने मी हॉटेललाच ई-मेल करून नवा पत्ता मागवला आणि त्यांनी तो लगेच कळवला. जुन्या प्रवासवर्णनांवर किंवा नकाशावर विसंबून हा रकाना भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापुढे प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण निवडायचे असते. ई-व्हिसा कोणत्या विमानतळांवर, सीमानाक्यांवर आणि बंदरांवर चालतो याची यादी ठरलेली आहे. रस्त्याने कंबोडियातून येणाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी. आम्ही दा नांग आणि हो ची मिन्ह सिटीचा तान सोन न्हात हे विमानतळ निवडले. ‘सोबतची मुले’ हा रकाना आईवडिलांच्या पासपोर्टवर नाव असलेल्या १४ वर्षांखालील मुलांसाठी आहे. आमच्या मुलीचा पासपोर्ट स्वतंत्र असल्याने तिचा अर्जही स्वतंत्र भरला आणि तिचे शुल्कही वेगळे भरले. धर्म, व्यवसाय, अंदाजे खर्च, विमा काढला आहे का, अडचणीच्या वेळी कोणाशी संपर्क साधावा, असे आणखी प्रश्न आहेत. त्यांत अडण्यासारखे काही नाही.

शुल्क कार्डाने भरायचे असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती सोय आधी चालू केली आणि पैसे भरून झाल्यावर पुन्हा बंद केली. अर्ज दाखल होताच मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, कारण निकाल पाहण्यासाठी तो क्रमांक, ई-मेल आणि जन्मतारीख अशा तिन्ही गोष्टी विचारल्या जातात.

कामकाजाचे तीन दिवस हा सांगितला जाणारा कालावधी आहे, पण कामकाजाचे म्हणजे व्हिएतनामच्या कामकाजाचे. शनिवार-रविवार त्यातून वजा होतात, आणि चांद्र नववर्षाच्या तेत सणाला तर तेथील कार्यालये सलग काही दिवस बंद असतात. ३० एप्रिल, १ मे आणि २ सप्टेंबर याही तेथील सुट्ट्या आहेत. त्यांचा हिशेब करून मी अर्ज पुरेसे आधी केले होते आणि तिघांचेही व्हिसा वेळेत आले, मात्र एकाच वेळी नव्हे. मुलीचा सर्वांत शेवटी आला. एकत्र भरलेले अर्ज एकत्रच मंजूर होतात असे गृहीत धरू नये.

मंजूर व्हिसा उघडल्यावर पासपोर्ट शेजारी ठेवून नाव, क्रमांक, जन्मतारीख, प्रवेशांचा प्रकार आणि दोन्ही तारखा मी पुन्हा ताडून पाहिल्या. चूक राहिली असती, तर नव्याने अर्ज आणि नव्याने शुल्क हाच व्यवहार्य मार्ग होता, आणि तो निघण्यापूर्वीच उपयोगाचा असतो.

व्हिसाची पहिली तपासणी व्हिएतनाममध्ये होत नाही, ती इथेच विमान कंपनीच्या काउंटरवर होते. योग्य कागद नसलेल्या प्रवाशाला परत आणण्याचा भार कंपनीवर पडत असल्याने तेथील कर्मचारी कागद बारकाईने पाहतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही प्रत्येकाच्या व्हिसाच्या दोन छापील प्रती नेल्या होत्या. दा नांगला अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि छापील व्हिसा पाहून शिक्का मारला. त्यावर मुक्कामाची अंतिम तारीख असते, ती खिडकीपाशीच वाचून घेतली. सिएम रीपहून तान सोन न्हातला परतल्यावर दुसऱ्या प्रवेशाचा शिक्काही त्याच व्हिसावर मिळाला. परदेशी पाहुण्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करणे तेथील हॉटेलांवर बंधनकारक असल्याने प्रत्येक मुक्कामी पासपोर्ट मागितला जातो, आणि काही ठिकाणी व्हिसाही पाहिला जातो. त्यासाठी दुसरी प्रत सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवलेली बरी.