ह्यांचं बीपी रात्री काय करतं

दवाखान्यात ह्यांचं बीपी नेहमी १२८/८२. कंपाउंडर म्हणायचा, "काका, एकदम बढिया!" आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर जाड. ११ च्या आत हवी. ईसीजी साफ होता, पण ही जाडी ईसीजीत पुष्कळदा निसटते म्हणे.

मग डॉक्टरांनी दंडाला चोवीस तास बीपी मोजणारं मशीन लावलं. आमचं राजेंद्रनगरचं घर केवढंसं! रात्री दर अर्ध्या तासाला पट्टा घुर्र करून फुगायचा नि मी उठून बसायची. हे खुशाल घोरत होते.

रिपोर्ट आला: दिवसाची सरासरी १३२/८२, म्हणजे १३५/८५ च्या आतच. रात्रीची १३८/८४! झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरायला हवं, आणि सरासरी १२०/७० च्या खाली. ह्यांचं उलट चढतंय. रात्री विसावा नाही, म्हणून जोर लावून लावून हृदयाचा स्नायू जाड होतो नि पुढे ताठरतो.

इटलीत पेरुजियाच्या डॉक्टर वेर्देक्कियांनी १९९० मध्येच दाखवलं होतं की बीपीच्या ज्या रुग्णांचं प्रेशर रात्री पुरेसं उतरत नाही, त्यांच्या डाव्या कप्प्याचं वजन जास्त भरतं. आधी काय झालं, प्रेशर की जाडी, हे अशा एकदाच केलेल्या तपासणीतून कळत नाही, हेही खरं. पण दवाखान्यातल्या एका आकड्यावर खूश होणं मी सोडलंय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोळी रात्री द्या, झालं." ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांवर हे करून बघितलं, निकाल २०२२ चा: गोळी सकाळी घ्या की संध्याकाळी, हार्ट अटॅक आणि पक्षाघातात फरक पडला नाही. त्यामुळे वेळ आपल्या मनाने बदलायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

डॉक्टरांचा संशय घोरण्यावर आहे. झोपेत श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं आणि प्रेशर उसळतं. मूत्रपिंड, साखर नि मीठ हीही कारणं असतात. पहिल्या दोन्हींचे रिपोर्ट ठीक आले. मिठाचं काय विचारता! इंदूरचा माणूस, पोह्यांवर शेव, वरणावर शेव, आणि अकरा वाजता "चल, सराफ्यात खायला एक चक्कर."

झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. "मी घोरतच नाही" असं ह्यांचं म्हणणं आहे, म्हणून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ठेवलंय. डॉक्टरांनाच ऐकवणार.