चाराचे पाच झाले, आणि पास अडला

फणस आमच्याच भाटातला, म्हणजे बागायतीतला, आजोबांनी लावलेला. घरावर कलला म्हणून पाडावा लागला. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते. ती मिळाली, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. घोडं अडलं ते लाकूड फोंड्याच्या सॉ मिलवर न्यायच्या वाहतूक पासावर.

वनरक्षक येऊन मापं घेऊन गेले. चार ओंडके, प्रत्येकाची लांबी आणि घेर वहीत, तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, हातोड्याचा शिक्का. घनफूट कसं काढतात तेही तेव्हाच कळलं: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४ फूट घेर, १० फूट लांबी, म्हणजे १० घनफूट. प्रत्यक्षात लाकूड याहून पाव हिश्शाने जास्तच भरतं. विकणार असाल तर माप कोणतं धरणार ते आधी विचारून घ्या.

मग मी शहाणपणा केला. बुंध्याचा ओंडका गड्यांना हलेना. ड्रायव्हर म्हणाला, मधे एक कट मारू. मी मान डोलावली. कागदावर चार, अंगणात पाच, आणि पाचव्यावर शिक्का नाही!

कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला साहेब फील्डवर. दुसऱ्या खेपेला साहेब जाग्यावर, पण वहीवाला रजेवर. तिसऱ्यांदा नवा अर्ज नेला, तर तो जुन्याला जोडून हवा होता, आणि जुना फाईलीत, फाईल कपाटात, कपाटाची चावी वहीवाल्याकडे. "फाल्यां येयात." म्हणजे उद्या या. चौथ्यांदाही फाल्यां. मे संपत आलेला, आभाळ रोज दुपारी भरून यायचं. मी बाकावर बसून पंख्याची पाती मोजत होतो. पाचव्या खेपेला एका बाईंनी कागद हातात घेतला. "दोन तुकड्यांची लांबी मिळून जुन्या मापाएवढी भरते ना? मग पुन्हा पाहणी करून तसं लिहू." दुसऱ्या दिवशी शिक्का, संध्याकाळी पास. एवढंच होतं तर चार खेपा कशाला, हे मी बाईंना विचारलं नाही. त्यांच्यावर राग काढणं बरं नव्हे.

तेव्हा मापं झाल्यावर करवत लावू नका. तोंड साफ करायलासुद्धा नको, शिक्काच जातो.

या तीन आठवड्यांत ओंडके उघड्यावर मातीत पडून होते. लाकूड तोंडाकडून लवकर सुकतं आणि तिथेच तडकतं. पाडल्या दिवशीच तोंडाला मेण किंवा जुना ऑइल पेंट फासायला हवा होता, शिक्क्याची जागा सोडून. आता खाली चिरे, त्यांवर आडवे वासे, मग ओंडके. ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या, नाहीतर आत बुरशी धरते.

ट्रकमध्ये खालच्या ओंडक्यांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोका. साल चुरते, ओंडके बसतात, साखळी सैल पडते. आम्ही पहिल्या चढाआधी थांबून ती पुन्हा आवळली. आणि हो, गाडी बदललीत तर पासावरचा नंबरही बदलून घ्या.

पाचवा ओंडका सगळ्यांत जास्त तडकला. त्यातून जेमतेम दोन पाट निघाले.