अर्जातला ‘खेळ’ शब्द आणि गेलेले अडीच महिने

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. गणिताच्या तासाला खेळाची जोड द्यायची असेल, तर आधी एवढं ऐका: अर्जात ‘खेळ’ हा शब्द लिहू नका. त्या एका शब्दाने माझे अडीच महिने खाल्ले.

मला हवं होतं फार थोडं. प्लिकर्स नावाची सोय आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळी आकृती. कार्डाच्या चार बाजू म्हणजे उत्तराचे चार पर्याय. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून वर धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते मला दिसतं. मुलांकडे मोबाइल लागत नाही. शिवाय प्रत्येकाची आकृती वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. आधी मी नुसते हात वर करायला लावून असा खेळ घेतला होता, तेव्हा अर्धा वर्ग पहिल्या बाकावरच्या दोघींकडे बघूनच हात वर करत होता.

आमच्याकडे शिक्षकांनीही वर्गात फोन काढायचा नाही, म्हणून संस्थेची लेखी परवानगी हवी. मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच सही दिली. विषय लिहिला होता, ‘खेळाच्या माध्यमातून गणित अध्यापनास परवानगी मिळणेबाबत’. तीन आठवडे उत्तर नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून संस्थेच्या कार्यालयात गेले, तर अर्ज क्रीडा विभागाकडे गेलेला! त्यावर शेरा, ‘क्रीडाशिक्षकांची शिफारस जोडावी.’ वाद नको म्हणून तीही जोडली. मग लिपिक म्हणाले, “मॅडम, खेळातून शिकणं लहान वर्गांना. सातवीला कशाला?” राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळावरचा मुख्य भर ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे हे खरं, पण अनुभवातून शिकणं त्यात सगळ्याच स्तरांना सांगितलंय. मी ते पान छापून घेऊन गेले. साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला अर्ज परत, कारण खर्चाच्या रकान्यात मी नुसती रेघ मारली होती. तिथे ‘निरंक’ लिहायचं असतं. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तेवढ्यात गणपतीची सुट्टी लागली. आजही कार्यालयाचा तो जिना आठवला की डोकं तापतं.

शेवटी स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी अर्ज हातात घेतला आणि विषय बदलून दिला: ‘आकारिक मूल्यमापनासाठी उपक्रम’, म्हणजे शिकवता शिकवताच मुलांना किती समजलंय ते तपासणं. सोमवारी अर्ज आवक केला, गुरुवारी परवानगी आली. कार्डं तीच, फोन तोच, शिक्षिकाही तीच. (आवक क्रमांक लिहून घ्या. तो नसेल तर खिडकीवर कोणी बोलतही नाही.)

तोवर पूर्णांक संख्यांचा धडा संपला होता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच! मग उजळणी म्हणून घेतला. पहिलाच प्रश्न, (−३) × (−४). ५२ पैकी २३ मुलांनी −१२ ची बाजू वर करून कार्ड धरलं. याच मुलांनी शिकवताना “समजलं का?” विचारल्यावर एकसुरात “हो बाई” म्हटलं होतं. मी तिथेच थांबले आणि धडा पुन्हा शिकवला. वर्षभर तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा मुलगा दर प्रश्नाला कार्ड वर धरतो, कारण त्याचं चुकलं तर फक्त मला कळतं. त्याच्यासाठी मी आणखी दहा खेपा घातल्या असत्या.

गुणांच्या बाबतीत मात्र मी चुकले. पहिल्या पाचांची नावं फळ्यावर लिहिली, तर आठवड्याभरात बाकीच्यांनी नाद सोडला. आता गट केलेत: मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी. तळ्यांची नावं मुलांनीच सुचवली. गटाचे गुण स्वतःच्या मागच्या आठवड्याशीच ताडायचे. दोन गटांची तुलना करत नाही.

कार्डांचं राहिलंच. ४० चा संच पुरत नाही, ६३ चा घ्या. जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइट चमकते आणि फोन वाचत नाही. मुलांना कार्ड कडेला धरायला शिकवा, आकृतीवर बोट आलं की उत्तर गेलं.

परवानगी पहिल्या सत्रापुरतीच आहे. दुसऱ्या सत्राचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधीच देणार आहे. विषय उपक्रमाचा, खर्च निरंक.