सोनेरी नऊ कार्डं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खेळणी-स्टेशनरीच्या दुकानात मी कामाला आहे. गेली तीन वर्षं कार्डांचं काउंटर माझ्याकडे आहे. काचेखाली पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळाची सुटी कार्डं, मागं भिंतीला स्टार्टर डेक, म्हणजे खेळायला तयार साठ कार्डांचे संच, आणि बूस्टरची पाकिटं. आतल्या बाजूला एक लांब टेबल टाकलंय, रविवारी पोरं तिथं खेळत बसतात. गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरच्या रविवारची. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता आणि पोरांच्या खिशात ओवाळणीचे पैसे होते. वर्षातली आमची सगळ्यात जास्त गर्दी त्याच आठवड्यात असते.

अकराच्या सुमाराला सहावी-सातवीतला एक पोरगा एकटाच आला. स्टीलच्या डब्यात डेक आणि शर्टाच्या खिशात दहा-दहाच्या नोटांची गुंडाळी.

"दादा, डेक भारी करून पायजे. तीनशे हाईत."

पैसे कुठले, म्हणून विचारलं. आजोबांची म्हैस गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, समोर धार काढून ग्लासातून दूध देतात तिथं, असते, सुट्टीत हा संध्याकाळी आजोबांबरोबर जातो, ग्लास विसळून देतो, आजोबा रोजचे वीस रुपये देतात. पंधरा दिवसांचे तीनशे. नोटा मोजून त्यानं काचेवर ठेवल्या आणि वर हात ठेवला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

डेक लुकारियो नावाच्या पोकेमॉनचा होता, मामेभावाकडून आलेला. कार्डांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, पण एकही मुडपलेलं नव्हतं. कुणी डेक दाखवायला आणला की मी आधी पिसतो. पिसताना बोटांना कळतं, कोणतं कार्ड किती वापरलंय. इथं तिसऱ्याच फेरीला बोटं घसरली. डेक पालथा धरून पसरला. एकावन्न कार्डांच्या पाठी निळ्या, आणि मधे मधे नऊ पाठी सोनेरी, प्लास्टिकच्या, चकचकीत.

उलटून बघितलं. खऱ्या कार्डावर कधीच नसतात असे हजारोंचे एचपी, म्हणजे पोकेमॉनच्या जीवाचे आकडे, स्पेलिंगं चुकलेली, अक्षरं पुसट. माहिती असलेल्या माणसाला एका नजरेत कळतं. त्या पोराला कसं कळणार? सोनेरी म्हणजे भारी, एवढंच त्यानं धरलं होतं. आणि ती डेकात बसवायला त्यानं काय काढलं होतं, तर रिओलू. तीन रिओलू वर्गातल्या मित्राला देऊन टाकले होते. रिओलू नसेल तर लुकारियो येणार कुठून? रिओलू टाकल्यावरच त्याचा लुकारियो होतो. एकच रिओलू शिल्लक होता.

"ही कुठनं घेतलीस?" मी विचारलं.

"हितनंच की. गणपतीत. दारात माळ लटकत हुती बघा, त्यातली दोन पाकिटं. एक कार्ड शाळेत हरवलं."

ती माळ मीच दारात अडकवली होती. गणपतीच्या आधी एक विक्रेता पेटी ठेवून गेला होता, पाच कार्डांचं पाकीट शंभर रुपयाला. ही खरी नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्टिकर, टॅटू विकतो तसंच हे एक खेळणं, असं मी मनात धरलं होतं. घेणाऱ्या एकालाही मी तसं बोललो नव्हतो. तो पोरगा माझ्याकडं बघत होता आणि मला काचेखालची कार्डं सरळ करण्याशिवाय काही सुचेना.

मग त्याला सांगितलं. नुसतं 'नकली आहेत' म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता, म्हणून दाखवलं. माझ्याकडचं एक फाटकं खरं कार्ड घेतलं, फाटलेल्या कडेवर बोट ठेवलं. दोन कागदांच्या मधे काळा थर असतो, तो केसाएवढा दिसतो. त्या थरामुळं मागून उजेड धरला तरी पुढचं आरपार दिसत नाही. त्याचं सोनेरी कार्ड शेजारी धरलं. एकसंध प्लास्टिक. मग डेक पालथा पसरून ठेवला आणि विचारलं, "वरून तिसरं कार्ड कसलं आहे?"

"सोनेरी."

"न उचलता कळलं ना? समोरच्यालाही कळतं. पाठ सगळ्यांची सारखी नसेल तर डाव होत नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणून दादा खेळत न्हाईत माझ्यासंगट." मोठ्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांबद्दल बोलत होता. त्यांनी त्याला कारण सांगितलं नव्हतं.

तीनशे रुपयांचा हिशोब करायला बसलो. त्याला हवा होता दुसरा लुकारियो ईएक्स, म्हणजे लुकारियोचंच जास्त ताकदीचं कार्ड. काचेखाली होता, दीडशे रुपयांचा. अर्धे पैसे एका कार्डात. बहुतेक सगळी पोरं हेच मागतात आणि मोठी माणसंही हेच घेतात. स्टार्टर डेकातलं सगळ्यात मोठं कार्ड आणखी एक घ्यायचं. मी त्याला पहिले सात पत्ते दहा वेळा काढायला लावले. दर वेळी पिसायचं, सात घ्यायचे, रिओलू आहे का बघायचं, किंवा रिओलू शोधून आणणारा नेस्ट बॉल आहे का. नेस्ट बॉल डेकातून रिओलूसारखा कोणताही बेसिक, म्हणजे पहिल्या पायरीचा, पोकेमॉन थेट बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, आणून ठेवतो. त्याच्याकडं तोही एकच होता. दहात दोनदा आलं. गणितानंही तेवढंच येतं: साठात दोन कार्डं असली की पहिल्या सातात त्यातलं एक तरी येण्याची शक्यता शंभरात २२.

"शाहू स्टेडियमवर मॅच बघतोस ना?" मी म्हटलं. "अकराच्या अकरा स्ट्रायकर उतरवले तर बॉल पुढं कोण नेणार?"

"हाफ पायजेत."

"तुझ्या डेकात हाफ नाहीत."

पण पोरगा सहज ऐकणारा नव्हता आणि मला ते आवडलं. "एकच ईएक्स हाय दादा. ती प्राइझमधी गेली तर?"

बरोबर विचारलं होतं त्यानं. सुरुवातीला सहा कार्डं प्राइझ म्हणून पालथी बाजूला जातात, जिंकत जाऊ तशी ती हातात येतात. एकच प्रत असलेलं कार्ड साठातल्या त्या सहात अडकायची शक्यता दहात एक. "दहा डावांत एकदा अडकेल," मी म्हटलं. "पण रिओलूच हातात येत नाही हे दहात आठदा होतंय. आधी कुठलं भोक बुजवायचं?"

सुट्या कार्डांच्या खोक्यातून काढायला लागलो. रिओलू तीन, दहा रुपयांनी, तीस. साधी एनर्जी सोडली तर एका नावाची चारच चालतात, म्हणजे चार पुरे झाले. नेस्ट बॉल तीन, पंच्याहत्तर. अल्ट्रा बॉल दोन, साठ. हातातली दोन कार्डं टाकून देऊन डेकातला हवा तो पोकेमॉन हातात घेता येतो, लुकारियोसुद्धा. 'प्रोफेसर्स रिसर्च' त्याच्याकडं दोन होती, आणखी दोन घेतली, पन्नास. आहे तो हात टाकायचा आणि नवी सात घ्यायची. 'बॉसेस ऑर्डर्स' एक, चाळीस. समोरचा जो पोकेमॉन बेंचवर लपवून ठेवतो त्याला ओढून पुढं आणणारं कार्ड. साधे लुकारियो दोन, चाळीस. एकूण २९५. नऊ सोनेरी काढली, हल्ल्याला लागणाऱ्या अठरा एनर्जी कार्डांतली चार काढली, तेरा आत गेली, साठ झाली.

सोनेरी काढून बाजूला ठेवताना त्यानं प्रत्येक कार्ड शर्टाला पुसलं. सवयीनं.

पुन्हा दहा वेळा सात-सात काढले. या वेळी रिओलू किंवा त्याला आणणारा बॉल आठदा आला. आता साठात अशी दहा कार्डं झाली होती. हिशोबानं शंभरात ७४. पोरगं मोजत होतं आणि ओठ हलत होते.

हे चालू असतानाच शेजारी एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते, ताराबाई पार्कातले. सहा हजार घेऊन आलेले, सगळ्याची बूस्टर पाकिटं द्या म्हणाले होते. मी जरा थांबा म्हटलं तर ते आमचं सगळं ऐकत बसले होते. त्यांचा मुलगाही स्टार्टर डेकवरच खेळत होता.

"मग आमच्या पैशांचं काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

पाकिटात दहा कार्डं असतात, कुठली ते फोडल्याशिवाय कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. फोडण्याची मजा असते, ती मी कुणाची काढून घेत नाही. पण डेक बांधायचा तर पाकिटं फोडून हवे ते चार नेस्ट बॉल मिळतीलच असं नाही, आणि काचेखाली ते शंभरात मिळतात. पैसे जास्त असले तर दुसरा-तिसरा ईएक्स घ्या, ट्रेनर कार्डं, म्हणजे बॉल, रिसर्च असली मदतीची, चार-चार करा, कार्डांवर घालायच्या चांगल्या स्लीव्ह घ्या. दोन-अडीच हजारांत या डेकात करण्यासारखं सगळं होतं. त्यापुढं घातलेले पैसे नुसते चमकीत जातात. तेच कार्ड जास्त चकचकीत छापलेलं असतं, टेबलावर काम तेवढंच करतं. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यातलं अक्षर बघत जा, असंही सांगितलं. कार्ड स्पर्धेत चालतं का ते त्यावरून कळतं; तेव्हा एफ, जी आणि एच चालत होते. त्याच सकाळी एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दीड हजारांची कार्डं दुसऱ्या गावाहून घेऊन आला होता, निम्म्यांवर ई. स्पर्धेत त्यातली बहुतेक चालली नसती.

"उरलेल्यात दुसरा स्टार्टर डेक घ्या," मी म्हटलं, "तुमच्यासाठी. घरी समोर बसायला कोणीतरी लागतं."

गल्ल्यावरून मालक बघत होते. सहा हजारांची विक्री साडेतीनवर आलेली त्यांना ऐकू गेली होती. त्यांनी हाक मारली. मी गेलो, आणि जाताना ती नऊ सोनेरी कार्डं मुठीत घेऊन गेलो. काय झालं ते सांगितलं. माळ मी लावली, कुणाला बोललो नाही, हेही सांगितलं. मालक कार्डं चाळत राहिले. माणूस रागीट आहे, मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. त्यांनी गल्ला उघडला, शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि म्हणाले, "पोराला दे. आणि ती माळ उतरव आधी."

"मालक, दहावं कार्ड नाहीये."

"मी मागितलं काय?"

पोराला दोनशे परत दिले तर त्याला आधी कळेना कशाचे. कळल्यावर त्यानं पहिलं बोट ठेवलं ते काचेवर, दुसऱ्या लुकारियोवर. आता मी नको म्हटलं नाही. भोकं बुजली होती. दहातला तो एक डाव वाचवायची वेळ आता आली होती. दीडशे गेले. उरलेल्या पन्नासात काय, म्हणून त्यानंच विचारलं आणि मी 'आयोनो' काढून दिलं. दोघांनीही हात डेकाखाली सारायचा आणि ज्याची जेवढी प्राइझ शिल्लक तेवढीच कार्डं घ्यायची. जिंकत आलेल्याचा हात लहान होतो. दोन कार्डं आत गेली म्हणून दोन एकुलते पोकेमॉन काढले. कुठले काढायचे ते त्यानं ठरवलं, आणि बरोबर ठरवलं.

दुपारी तो आणि तो ताराबाई पार्कातला मुलगा टेबलावर बसले. पहिला डाव गंगावेशीच्या पोरानं घाई करून घालवला. अल्ट्रा बॉलसाठी दोन कार्डं टाकायची होती तेव्हा त्यानं 'बॉसेस ऑर्डर्स' टाकलं, आणि तीन चालींनी तेच हवं होतं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या डावात त्यानं टाकायच्या आधी हातातली सगळी कार्डं काचेच्या तुकड्यांसारखी जपून टेबलावर मांडली, एकेकावर बोट ठेवत गेला, आणि दोन एनर्जी टाकल्या. तो डाव तो जिंकला. कॉलेजची पोरं मागं उभी राहून बघत होती. त्यातला एक म्हणाला, "पुढच्या रविवारी ये, आमच्यात बस." पाच वाजता कट्ट्यावर जायचं म्हणून तो उठला. डबा घट्ट लावला, वर रबर बँड चढवला आणि गेला.

रात्री दुकान आवरताना माळ उतरवली. पेटीत चोवीस पाकिटं आली होती, माळेला सात उरली होती. सतरा विकली गेली, त्यातली दोन आज परत आली. पंधरा पाकिटं कुणाकुणाच्या घरी होती. मालकांना विचारून एक कागद लिहिला आणि दारात, माळ होती त्याच खिळ्याला लावला: 'आमच्याकडून घेतलेली सोनेरी कार्डं नकली आहेत. घेऊन या, पैसे परत मिळतील.' आजवर सहा आली. कागद पावसात एकदा भिजला, तो मी नव्यानं लिहून लावला आहे.