घुमा, अबोल आणि जीआरईची यादी

रविवार, रात्री

भाच्याची जीआरई, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला द्यावी लागते ती परीक्षा, महिन्यावर आलीय. त्याच्या निमित्ताने माझाही इंग्रजी शब्दांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला आणि आता तर मीच त्याला हाक मारून बसवते. ऑफिसात दिवसभर इंग्रजी पत्रव्यवहार असतो, पण त्यात शब्द ते किती लागणार? ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ एवढ्यावर वर्षं निघून जातात. चांगलं इंग्रजी वाचायची हौस मात्र कॉलेजपासूनची.

आज दुपारी तो वही घेऊन आला तो वैतागूनच. यादीत तीन शब्द होते: टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक. तिन्हींपुढे अर्थ एकच, अल्पभाषी. “आत्या, तिन्ही एकच असतील तर गाळलेल्या जागेत एकच बरोबर कसा?” प्रश्न अगदी रास्त होता. मी शब्दकोश काढायला उठले, तेवढ्यात मेथी निवडत बसलेल्या आईने विचारलं, “काय झालं रे?” त्याने सांगितलं, कमी बोलणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते कळत नाहीये.

“कमी म्हणजे कसा कमी?” आई म्हणाली. “घुमा असेल तर तो जात्याच तसा. घरात चार माणसं आली तरी तोंडातून शब्द निघायचा नाही. अबोल माणूस तसा बोलेल, पण स्वतःचं मनातलं सांगणार नाही. मोजकं बोलणारा वेगळा, तो बोलतो, पण दोन शब्दांत काम उरकतो. आणि बुजरा असेल तर त्याला बोलायचं असतं रे, धीर होत नाही बिचाऱ्याला.”

भाच्याचा पेन तिथेच थांबला. टॅसिटर्न म्हणजे घुमा. रेटिसंट म्हणजे अबोल, स्वतःबद्दल हातचं राखून बोलणारा. लॅकॉनिक म्हणजे मोजकं बोलणारा. आणि चौथा आईने फुकटात दिला: डिफिडंट, बुजरा. चारही जागच्या जागी बसले. आईला इंग्रजी येत नाही. पण माणसं तिने पाहिलीत आणि त्यांना नावं ठेवायला मराठी तिच्याजवळ भरपूर आहे.

मग मी शब्दकोशात मूळ पाहिलं. टॅसिटर्न आणि रेटिसंट दोन्ही एकाच लॅटिन धातूतून आले, टॅकेरे म्हणजे गप्प राहणे. न बोलता मान्य केलेलं ते टॅसिट, तोही त्याच घरातला. लॅकॉनिकचं मात्र गाव आहे. ग्रीसमध्ये स्पार्टाच्या भोवतालचा प्रदेश तो लॅकोनिया, आणि तिथली माणसं कमी बोलण्यासाठी प्रसिद्ध. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्यांना धमकी धाडली, की मी तुमच्या मुलखात शिरलो तर असं करीन आणि तसं करीन. स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं: “तर.” भाचा मोठ्याने हसला. आता तो शब्द त्याला रटावा लागणार नाही.

यादी पाठ करण्याला माझा विरोध का, ते त्याला आज नीट सांगितलं. पूर्वी जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या सरळ विचारत. २०११ मध्ये ते प्रश्न काढून टाकले. आता शब्द वाक्याच्या पोटात असतो. २०२३ पासून परीक्षा आणखी आखूड झाली. व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेचे, दोन भाग मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. एवढ्या वेळात ‘अल्पभाषी’ आठवून काही हाती लागत नाही. वाक्यातल्या माणसाचं वागणं पाहून शब्द ओळखता आला पाहिजे. तरी बाजारात जुन्या धाटणीच्या जाडजूड याद्या अजून खपतात आणि मुलं त्या वर्षभर घोकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरी अडचण त्या यादीतल्या मराठीची आहे. तिथे अर्थ म्हणून जे लिहिलेलं असतं ते कुणीच बोलत नाही. ऑब्सिक्वियसपुढे ‘आज्ञानुवर्ती’. आपण काय म्हणतो? हांजी हांजी करणारा, लाळघोट्या. त्यात जी नापसंती आहे ती इंग्रजी शब्दातही आहे. ‘आज्ञानुवर्ती’ मात्र कौतुक केल्यासारखा वाटतो, म्हणजे अर्थच उलटा झाला. ऑफिशियस ऐकून ऑफिस आठवतं, पण अर्थाने तो लुडबुड्या. फ्रूगल म्हणजे काटकसरी, ही स्तुती. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू, कवडीचुंबक. दोघेही पैसा धरूनच ठेवतात, पण एकाला आपण मान देतो आणि दुसऱ्याला नाही. क्वेरुलस म्हणजे किरकिऱ्या. आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, प्रत्येक शब्दाला एकेक माणूस सापडेल. नावं लिहीत नाही.

काही शब्द आवाजावरून फसवतात, त्यांचं पान वेगळं केलं. एनर्व्हेट ऐकताना एनर्जी आठवते आणि अर्थ असतो थकवून टाकणे, अंगातलं त्राण काढून घेणे. मे महिन्यातली वडोदऱ्याची दुपार एनर्व्हेटिंग असते, असं वाक्य लिहून दिलं. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही, तो कुबट, घाण वासाचा. सँग्विन आणि सँग्विनरी दोन्ही रक्तावरूनच, पण पहिला आशावादी आणि दुसरा रक्तपाताचा.

सँग्विनपाशी आम्ही बराच वेळ रमलो. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार द्रव मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. रक्ताचा जोर असेल तो सँग्विन, उमेदीचा. कफाचा तो फ्लेग्मॅटिक, थंड. पिवळ्या पित्ताचा कॉलेरिक, तापट. काळ्या पित्ताचा मेलन्कॉलिक, उदास. वात-पित्त-कफाच्या देशातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘पित्त खवळलं’ आपण रोज म्हणतो, कॉलेरिक तिथेच बसलाय.

शब्दांच्या अशा जुळणीचं आमच्या शहराला वावडं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. कारभारातला एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय मांडायचे. इंग्रजी शब्द कारकुनापर्यंत आणि रयतेपर्यंत पोचायचा तर त्यांच्या बोलीतून पोचला पाहिजे, हे त्या दरबाराने ओळखलं होतं. अरविंदबाबू, म्हणजे पुढे योगी म्हणून ओळखले गेलेले अरविंद घोष, १८९३ मध्ये इथे आले ते इंग्लंडमध्ये वाढलेले, इंग्रजी पक्कं झालेले. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी इथे राहून संस्कृत, बंगाली, मराठी, गुजराती शिकून घेतल्या. त्यांचं निवासस्थान दांडिया बाजारातच आहे. भाजी आणायला जाताना ती इमारत दिसते आणि मला दर वेळी बरं वाटतं.

भाचा ॲपवर शब्द घोकतो. मी कार्डंच करते. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घेते, कागद जाड असतो, शाई फुटत नाही. पुढे इंग्रजी शब्द. मागे अर्थ एका कोपऱ्यात बारीक आणि मधोमध वाक्य, तेही आपल्या ओळखीचं. नानखटाईच्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याचे आडोसे घालून खण केलेत. आठवलं की कार्ड मागच्या खणात, अडलं की पुन्हा पहिल्यात. पहिला खण रोज, मागचे चार-आठ दिवसांच्या अंतराने. ही रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. पाठ केलेलं किती भराभर विसरतं, हे हर्मान एबिंगहाउस यांनी त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. विसरायच्या बेतात असताना आठवावं लागलं की शब्द मुरतो. भाच्याचं ॲपही आतून हेच करतं, पण वाक्य त्याचं नसतं, हा माझा आक्षेप. वाक्य आपणच लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी एक नवा शब्द अडला आहे, इक्विव्होकेट. भाचा म्हणाला मोघम बोलणं. आई म्हणाली, “मोघम माणूस आळसानेही बोलतो. मुद्दाम दोन्ही अर्थ निघतील असं बोलणं म्हणजे गुळमुळीत.” मला आईचं पटतंय, कारण इक्विव्होकेटमध्ये टाळायचा हेतू असतो. पण भाचा ऐकायला तयार नाही. मोघममध्येही हेतू असू शकतो म्हणतो. दोन्ही शब्द पेन्सिलने लिहून ठेवलेत. उद्या जेवणाच्या सुट्टीत पेपरातल्या पुढाऱ्यांच्या मुलाखतीतून दोन-तीन वाक्यं काढून आणते, मग ठरवू.